ट्रॅक्टर कधी लिहायचा?

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या बालाघाटावरून ट्रॅक्टर निघालेले असतात. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबागणेश लागतं. भालचंद्र गणपतीचं जुनं देवस्थान म्हणून गावाचं नाव दूरवर माहीत आहे. पण हा सगळा पट्टा, लिंबागणेशपासून पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरपर्यंत, राज्याला माहीत आहे तो ऊसतोड कामगारांचा मुलूख म्हणून. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा उरकला की भांडीकुंडी, धान्याची पोती, पांघरुणं आणि लहान लेकरं ट्रॉलीत घालून सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर थेट कर्नाटक गाठतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत.

म्हणजे इथल्या शाळेला दोन वेळापत्रकं आहेत. एक शासनाचं, जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. दुसरं साखरेचं, जूनपासून दसऱ्यापर्यंत. पहिलीत आलेल्या ज्या लेकराला आई-बापाबरोबर जावं लागतं, त्याच्या वाट्याला शाळेचे जेमतेम साडेतीन-चार महिने येतात. एवढ्या दिवसांत त्याला वाचता-लिहिता येईल का? आपण सध्या ज्या पद्धतीने शिकवतो त्या पद्धतीने येणार नाही. आणि हेही तितकंच खरं की ज्या लेकराला वर्षभर शाळा मिळते, त्यालाही या पद्धतीने नीट येत नाही. ऊसतोड्याच्या मुलाच्या बाबतीत ते लवकर उघडं पडतं, एवढाच फरक.

पद्धत काय आहे? आधी मुळाक्षरं. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा करत बाराखडी. मग जोडाक्षरं. मग शब्द, मग वाक्य, आणि हे सगळं झालं की एखादा छोटा उतारा. वरवर पाहता क्रम शिस्तीचा वाटतो. पण हिशेब मांडून पाहा. पस्तीसएक व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं धरली तर चारशेच्या वर चिन्हं होतात. त्यात ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही डोळ्याला चकवणारी जोडपी. ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते, लिहिताना मात्र त्याच्या आधी काढायची. एकटा 'र' घ्या. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पोटात शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाशी येतो आणि 'दऱ्या'मध्ये चौथंच रूप घेतो. हे सारं संपल्यावरच अर्थाचं काही वाचायला मिळणार असेल, तर सहा वर्षांच्या मुलाला वर्ष-दीड वर्ष निव्वळ चिन्हं घोटत बसावं लागतं. बालाघाटावरच्या लेकराचं वर्ष तर दसऱ्यालाच संपतं. पुढच्या जूनमध्ये ते परत येतं तेव्हा पुन्हा 'ग म भ न'.

त्या लेकराला जन्मापासून ठाऊक असलेला एक शब्द म्हणजे ट्रॅक्टर. तो कुठल्या कंपनीचा, कुणाच्या मालकीचा, किती टनांची ट्रॉली ओढतो, हे पाच वर्षांचं पोर सांगतं. शाळेच्या क्रमात मात्र हा शब्द शेवटच्या टोकाला आहे. त्यात दोन जोडाक्षरं आहेत, डोक्यावर चंद्र आहे, 'र' दोनदा आणि दोन्ही वेळा वेगळ्या रूपात. तोवर मुलाने 'कमळ', 'गणपती', 'शहामृग' गिरवायचं. शहामृग त्याने पाहिलेलाच नसतो.

खरं तर ट्रॅक्टर पहिल्या दिवशी भिंतीवर लावता येतो. चित्र काढायचं आणि खाली नाव लिहायचं. मूल तो शब्द सुटा करून वाचणार नाही, अख्खा ओळखेल. कागदावरच्या या खुणा आपल्याच जगाबद्दल काही सांगतात, हे त्याला त्या दिवशी कळेल. वाचनाची सुरुवात तिथून होते.

आता लिहिण्याकडे वळू, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे.

कुठल्याही गावच्या प्राथमिक शाळेतली तिसरी-चौथीची दुरेघी वही उघडा. वर तारीख, वार, 'शुद्धलेखन' असं अधोरेखित शीर्षक. खाली पुस्तकातल्या धड्याच्या आठ-दहा ओळी, जशाच्या तशा. पानाच्या शेवटी लाल शाईची खूण आणि सही. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर स्वाध्यायाची प्रश्नोत्तरं, फळ्यावरून उतरवलेली, म्हणून वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकसारखी. पुढे निबंध: माझी शाळा, माझा आवडता प्राणी, पावसाळ्यातील एक दिवस. तेही फळ्यावरून किंवा गाइडमधून. जिथे पाऊस रुसतो म्हणून माणसं गाव सोडतात, तिथल्या मुलांच्या निबंधातही पावसाळ्यात धरणी हिरवा शालू नेसते. वर्षभरात शंभर पानं भरतात आणि त्यात त्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य सापडत नाही.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. गेल्या दशकात टाटा समाजविज्ञान संस्था आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाशी जोडलेल्या शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांमधल्या साक्षरता-शिक्षणाचा दीर्घ अभ्यास केला. कन्नडसाठी कर्नाटकातलं यादगीर आणि मराठीसाठी पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका अशी दोन क्षेत्रं निवडून प्राथमिक वर्गातल्या मुलांचा त्यांनी काही वर्षं मागोवा घेतला. शिकवण्याचा भर अक्षर-उच्चारावर, अर्थावर फारच थोडा आणि लेखन म्हणजे बहुतांशी नक्कल, हे चित्र त्यांना दिसलं. मुलं ओळ मोठ्याने म्हणतात, ओळीत काय म्हटलंय ते विचारलं की गप्प होतात.

देशपातळीवरचे आकडेही दिलासा देत नाहीत. 'असर'च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी अवघी १६.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आलं. करोनानंतरची ही सुधारणा खरी आहे आणि शिक्षकांच्या कष्टाची आहे. तरीही चारातली तीन मुलं बाहेरच राहिली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-गणित यावं असं उद्दिष्ट ठेवलं. ती मुदत आता दारात उभी आहे. अशा पाहण्यांत मोजलं जातं ते मुख्यतः वाचन आणि गणित. मूल स्वतःचं म्हणणं कागदावर मांडू शकतं का, हे जवळपास कुणीच मोजत नाही. जे मोजलं जात नाही, त्यासाठी शाळेत वेळही निघत नाही.

मुलाने स्वतःचं लिहावं ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. मुलगी चौदाएक वर्षांची, शाळेत येऊन तीनच वर्षं झालेली. पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुदरलं, धर्माचा अधिकार आपल्याला का नाही, बाळंतपणात आपल्या बायकांचे हाल कसे होतात, हे तिने नाव घेऊन, सवाल करत लिहिलं. तो निबंध आज मुक्ता साळवे यांच्या नावाने ओळखला जातो. कुणीतरी तिला 'तुला काय म्हणायचंय' असं विचारलं असलं पाहिजे आणि ती सांगेल ते ऐकून घेतलं असलं पाहिजे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, हाताशी पाठ्यपुस्तकांची रेलचेल नसताना, तीन वर्षांत एवढं होऊ शकलं. आज आठ वर्षं शाळेत काढून मूल अर्जाच्या चार ओळी लिहायला दुसऱ्याकडे जातं, तेव्हा बोट मुलाकडे दाखवता येत नाही.

महाराष्ट्रात हे काम पुढे नेणारी माणसंही झाली. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकन. भाषाशास्त्राच्या अभ्यासक म्हणून फलटणला आल्या, तिथल्या निरनिराळ्या जातीसमूहांच्या मराठी बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथेच राहिल्या. शाळेबाहेर राहिलेल्या किंवा शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता-शिकवता त्यांनी मराठीसाठी साक्षरतेची पद्धत घडवली. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. या पद्धतीत अक्षरं टाळलेली नाहीत. ती थोडीथोडी, गटागटाने घेतात आणि प्रत्येक गटातून लगेच शब्द, वाक्य बनवतात. जोडीला पहिल्या दिवसापासून मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, गप्पा मारायच्या आणि त्यांना मनातलं लिहू द्यायचं. बोली जाणणाऱ्या बाईंनी ही पद्धत केली याला महत्त्व आहे. घरची भाषा चुकीची ठरवून मुलाला लिहितं करता येत नाही, हे त्यांना अभ्यासातून कळलेलं होतं.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर आणि सहकाऱ्यांची 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी मुलांबरोबर हेच काम करते. वय वाढलं पण वाचन मागे राहिलं, अशा मुलांसाठी त्यांचा 'अनुपद' कार्यक्रम आहे. 'गोष्टरंग'मध्ये तरुण नट आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी उभ्या करतात. गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली पाहिली की मूल तिचं पुस्तक हातात घेतं. बालाघाटाला आदिवासी भागासारखी भाषेची दरी नाही. इथे दरी आहे ती दिवसांची, म्हणून फलटणची गटागटाची रीत इथे विशेष कामाची आहे.

ती लिंबागणेशच्या परिसरात कशी दिसेल, हे एका शब्दावर करून पाहू. शब्द घेऊ 'कोयता'. या भागात कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे उचल घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपंही. लेकराच्या घरातला सगळ्यात वजनदार शब्द. त्यात व्यंजनं तीन: क, य, त. खुणा दोन: काना आणि ओकार. एवढ्यावर काय काय लिहिता येतं? काका. काय. कोय. ताक. कात. तो. या. पहिल्याच आठवड्यात 'काका, या' हे अख्खं वाक्य हाताशी येतं. आता उसाची 'मोळी' घ्या. म, ळ आणि दीर्घ वेलांटी यांची भर पडली. लगेच माय, मी, काम, माती, माळ, काळी, मामी, तीळ. पाच व्यंजनं आणि तीन खुणा, आणि मूल 'मी', 'माय', 'माती', 'काम' लिहू लागलं. याला महिनाही पुरेल. जे शब्द अजून लिहिता येत नाहीत तिथे चित्र काढायचं. दसऱ्यापर्यंत अशी चार-पाच आवर्तनं होतील. मूल ट्रॉलीत बसेल तेव्हा बाराखडी अर्धी राहिलेली असेल, पण त्याला वाचता येत असेल, आणि वाचता येणारं मूल कोपीतही वाचत राहतं. साखरेचं रिकामं पोतं, खताची गोणी, बिस्किटाचा पुडा, ट्रकच्या मागची अक्षरं, सगळीकडे त्याला वाचायला मिळतं.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी शेतमजूर प्रौढांना असंच शिकवलं. त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ 'वीट', त्यावर चर्चा करायची, मग त्याचे ध्वनी सोडवून त्यांतून नवे शब्द बांधायचे. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना रोज सकाळी विचारलं, आज तुला कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द, मग तो भीतीचा असो वा मायेचा, कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. कॅरोल चॉम्स्की यांनी १९७१ मध्ये 'आधी लिहा, मग वाचा' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. मुलाला जसा ऐकू येतो तसा शब्द लिहू दिला, तर ध्वनी आणि अक्षराचं नातं ते स्वतः शोधतं आणि तीच वाचनाची तयारी ठरते, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून पहिलीतल्या मुलाने 'टॅटर' लिहिलं तर ते वाचून आनंद व्हायला हवा. त्याने ट, चंद्र आणि र ऐकले, क्रमाने ऐकले आणि कागदावर उतरवले. उरलेलं वर्षभरात येईल. आपण काय करतो? लाल काट मारतो आणि 'ट्रॅक्टर' पाच वेळा लिहायला सांगतो. दुसऱ्या दिवसापासून ते मूल फक्त खात्रीचे, पुस्तकातले शब्द लिहितं. बोलीचंही तेच. समजा, पट्टा पडून परतलेल्या मुलीने लिहिलं, 'आमी कारखान्याला गेलतो. तिथं लई थंडी व्हती.' या दोन ओळींत जागा आहे, वेळ आहे, अनुभव आहे. शिक्षकाने त्याखाली एवढंच लिहावं: 'थंडीत काय पांघरलं?' ती तिसरी ओळ लिहील, मग चौथी. 'आम्ही', 'गेलो होतो', 'होती' हे तिसरी-चौथीत, तिच्याच लिखाणावर बसून, शिकवता येतं. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, तिच्याशिवाय पुढचं शिक्षण नाही. पण काही लिहिलंच नसेल तर दुरुस्त तरी काय करणार?

हस्ताक्षराचा सोसही जरा आवरला पाहिजे. शाळेच्या तपासणीत वळणदार अक्षराची वही पुढे ठेवली जाते, त्या अक्षरात काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही. वार्षिक हस्तलिखितांचं हेच होतं. सुरेख मुखपृष्ठ, आत उतरवून घेतलेले सुविचार, थोरांची चरित्रं. मी अशी हस्तलिखितं उत्सुकतेने चाळतो आणि एखाद्या कोपऱ्यात एखाद्या पोराने आजीबद्दल वाकड्या अक्षरात लिहिलेलं सापडलं तर तिथेच थांबतो.

राज्याने मध्यंतरी एक प्रयोग केला. २०२३-२४ पासून बालभारतीची पुस्तकं चार भागांत निघाली आणि त्यांत धड्यांना जोडून 'माझी नोंद' अशी कोरी पानं घातली गेली. दप्तराचं ओझं घटावं आणि वहीचा खर्च वाचावा हा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये अपेक्षेइतका उपयोग होत नसल्याचं सांगत शासनाने तो निर्णय मागे घेतला. पानं देणं सोपं होतं. त्यावर मुलाने काय लिहायचं आणि शिक्षकाने ते कसं वाचायचं, याची तयारी कुणी केली नव्हती. फळ्यावरचे शब्दार्थ उतरवायला वेगळं पान लागत नाही. 'माझी नोंद' या शीर्षकातला 'माझी' गंभीरपणे घेतला असता तर त्या कोऱ्या पानांनी मराठी शाळेत मोठा बदल घडवला असता, असं मला आजही वाटतं.

शिक्षकांवर सगळं ढकलून चालणार नाही. वाड्या-वस्त्यांवर दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे नेहमीचं चित्र आहे. त्यात मतदारयाद्यांचं काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती. प्रशिक्षणात नव्या अभियानाचं नाव कळतं, पण तिसरीतल्या अडलेल्या मुलाशेजारी बसून काय करायचं ते हाताला धरून कुणी दाखवत नाही. पुस्तकं येतात, पण 'डेडस्टॉक'ला नोंद असते आणि हरवल्यास भरपाईची धास्ती, म्हणून कपाटाला कुलूप. पुस्तक फाटणं हा ते वाचलं गेल्याचा पुरावा मानावा, असा साधा शासन आदेश निघाला तर कितीतरी कपाटं उघडतील. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे. त्याचे जुने अंक आज फोनवर फुकट वाचता येतात. ज्या शाळेत पुस्तक नाही तिथेही रोज पंधरा मिनिटं मोठ्याने काही वाचून दाखवणं अवघड नाही.

मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-बाप कारखान्यावर, मूल आजी-आजोबांकडे आणि जेवणाची सोय शाळेच्या आधाराने. पूर्वी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळाही चालल्या. जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डही निघालं. या सोयींनी मूल पटावर राहतं, हे मोठंच काम आहे. पण गावात मागे राहिलेल्या त्या मुलाच्या मनात सहा महिने एकच गोष्ट असते: आई. मग ते रोज आईला चार ओळी का लिहीत नाही? पानाचा फोटो फोनवरून फडात जाईल. आईला वाचता येत नसेल तर टोळीतलं कुणी वाचून दाखवेल. 'शेळी व्याली. दोन करडं झाली. आजीचा गुडघा दुखतो.' ज्या लिखाणाची कुणीतरी वाट पाहतंय, ते लिहायला मुलाला सांगावं लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर २०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. भाषेसाठी आपण एकत्र येऊ शकतो हे त्यातून दिसलं. अंबाजोगाईला दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे, त्याच बीड जिल्ह्यातल्या लेकराला स्वतःच्या बोलीतलं एक वाक्य लिहिता यावं, यासाठी तेवढाच आवाज उठायला हवा. त्याला मोर्चा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती नेमली आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. या समितीच्या बैठका बहुतेकदा खिचडी, रंगरंगोटी आणि सह्या यांवर संपतात. तुम्ही अशा समितीवर असाल, किंवा तुमच्या गावातलं कुणी असेल, तर दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत तिसरीच्या वर्गातल्या पाच वह्या मागवा. आधीच निवडून ठेवलेल्या नकोत, हाताला लागतील त्या पाच. प्रत्येक वहीत मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक तरी पान आहे का, एवढंच पाहा. नसेल, तर गुरुजींना-बाईंना दोष न देता रोजची वीस मिनिटं त्यासाठी मागून घ्या, इतिवृत्तात तशी नोंद करा आणि पुढच्या महिन्यात त्याच पाच वह्या पुन्हा उघडा.